कवळाण्याचे गोपाळराव, बडोद्याचे सयाजीराव

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी ११ मार्च १८६३ रोजी जन्मलेले गोपाळराव गायकवाड बाराव्या वर्षापर्यंत निरक्षर होते. १८७५ साली मल्हारराव पदच्युत झाले, जमनाबाईंनी या शेतकऱ्याच्या मुलास दत्तक घेतले आणि गुजराती प्रजेला सयाजीराव महाराज लाभले. १८८१ अखेर कारभार त्यांच्या हाती आला.

उशिरा अक्षरे गिरवलेल्या या राजाने शिक्षणाला दानधर्म मानले नाही; प्रजेचे ते जुने देणे आहे अशाच भावनेने त्यांनी कारभार केला, असे आम्हांस वाटते. अस्पृश्यांसाठी शाळा काढल्या तेव्हा तेथे शिकवावयास सवर्ण शिक्षक मिळेनात; महाराजांनी मुसलमान शिक्षक नेमले, पुढे आर्यसमाजी पंडित आत्मारामांकडे ते काम सोपविले. मुलांसाठी वसतिगृहे उघडली. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये सर्व संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले, मुलींनाही. ब्रिटिश हिंदुस्थानात नामदार गोखल्यांचे तशाच हेतूचे विधेयक १९१२ साली फेटाळले गेले, हे ध्यानी घ्यावे.

१९१३ साली महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. करारानुसार १९१७ मध्ये ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. पण शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. पारशी नावाने नोंद करून ते एका पारशी पथिकाश्रमात उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मावून गेला. एक हिंदू व एक ख्रिस्ती, अशा दोन स्नेह्यांनीही घरात घेतले नाही. परमुलखात खोली शोधताना आम्हांपैकी पुष्कळांना भाषेची अडचण आली असेल; जातीपायी दार बंद होणे ही निराळीच गोष्ट. ज्या राजाने त्यांना सातासमुद्रापार पाठविले, त्याच्याच राजधानीत त्यांना एक खोली मिळू नये! हुकुमाने शाळा उघडता येते, शेजाऱ्याचे मन उघडता येत नाही. महाराजांच्या कारभाराचीही ही उणीवच. उच्चविद्याविभूषित अधिकाऱ्याच्या निवाऱ्याची तजवीज दरबाराला करता आली असती.

महाराजांनी हे काम मात्र सोडले नाही. १९१८ साली मुंबईच्या अस्पृश्यतानिवारण परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी ते निवर्तले.

मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत आंबेडकर बडोद्यात ज्या कमाटी बागेत बसून राहिले, ती महाराजांच्याच कारकिर्दीत उभारलेली. आज तिला सयाजीबाग म्हणतात.