साने गुरुजींना समोरच्याचं मन कसं कळायचं? चॅटबॉटच्या जमान्यात एक खान्देशी गोष्ट

सॅली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. तिच्या मागे अ‍ॅन ती गोटी पेटीत टाकते. आता सॅली परत आल्यावर गोटी कुठे शोधेल? टोपलीत, बरोबर? पण तीन वर्षांचं मूल बहुतेक वेळा 'पेटीत' म्हणतं, कारण त्याला स्वतःला गोटी तिथे दिसलेली असते. आपल्याला जे माहीत आहे ते समोरच्याला माहीत नसू शकतं, ही समज साधारण चौथ्या वर्षी येते. तिला म्हणतात 'थिअरी ऑफ माइंड'. चॅटबॉटला ती आहे का, यावर सध्या संशोधकांची जोरदार भांडणं चालू आहेत. ती चालू द्या. आपण अमळनेरला जाऊ.

पांडुरंग सदाशिव साने, जन्म १८९९, पालगड, कोकण. १९२४ पासून अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये मास्तर. पोरं खान्देशातली, अहिराणी बोलणारी, मास्तर कोकणातले. वसतिगृहात ते मुलांसोबतच राहायचे. कोणाचे कपडे मळलेत, कोण घरच्या आठवणीने गप्प आहे, हे त्यांना न सांगता कळायचं. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले.

१९३२, धुळ्याचा तुरुंग. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी विनोबा भावे कैद्यांसमोर गीतेवर बोलायचे. एकूण अठरा प्रवचनं. रेकॉर्डर नाही, व्हॉइस टायपिंग तर सोडाच. गुरुजी ऐकता ऐकता लिहून घ्यायचे. इतक्या वेगात लिहायचं तर नुसते कान पुरत नाहीत. बोलणाऱ्याचा विचार कुठे वळणार याचा अंदाज लागतो. आज 'गीता प्रवचने' आपल्या हातात आहे ती त्या वह्यांमुळे.

पण खरी परीक्षा १९४७ मध्ये झाली. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर तेव्हा दलितांना बंद होतं. गुरुजींनी थेट उपोषण केलं नाही. आधी काही महिने महाराष्ट्रभर फिरून लोकांचं मन वळवलं, मग १ मे रोजी उपोषणाला बसले. त्यातच गांधीजींची तार आली: उपोषण थांबवा. ज्यांना गुरू मानलं तेच थांबा म्हणतायत! दुसरा कोणी खचला असता, नाहीतर चिडला असता. गुरुजींनी ओळखलं की पंढरपुरात काय चाललंय याची गांधीजींकडे अपुरी माहिती पोहोचली आहे. म्हणजे सॅलीचीच गोष्ट: गोटी हलवलेली तिला दिसलीच नव्हती, मग तिच्यावर राग कसला? गुरुजी थांबले नाहीत, पण गांधीजींबद्दल मनात अढीही धरली नाही. सुमारे दहा दिवसांनी मंदिर खुलं करायचं ठरलं आणि उपोषण सुटलं.

पुढच्याच वर्षी गांधीजींची हत्या झाली, तेव्हा याच गुरुजींनी २१ दिवस उपोषण केलं.