आटे जुळवणारा माणूस

बँकेतली माझी बहुतेक वर्षे सह्या जुळवण्यात गेली. चेकवरची सही आणि नमुन्याच्या कार्डावरची सही शेजारी धरायची आणि दोघींचे गोत्र एकच आहे ना ते पाहायचे. अशा माणसाला नट-बोल्टांत काय गोडी असणार? पण चाकणला भाच्याच्या वर्कशॉपमध्ये एका जुन्या मोटारीपायी मला सर जोसेफ व्हिटवर्थ भेटले, आणि नंतरचे काही महिने मी त्यांच्याच मागे होतो. फिटर मंडळींच्या तोंडी हे नाव अजून असते. पाना घेताना, टॅप घेताना ते उच्चारले जाते. मात्र तो एक माणूस होता, हे फारसे कुणाच्या मनात येत नाही.

चाकण हे आता नुसते कांद्याच्या बाजाराचे गाव राहिलेले नाही. बजाज, मर्सिडीज, फोक्सवॅगन यांचे कारखाने तिथे आले आणि त्यांच्या आधाराने लहान-मोठी शेकडो वर्कशॉपे उभी राहिली. भाचा त्यांतल्याच एकाचा मालक. त्याने हौसेने १९४७ सालची एक एम. जी. घेतली, एके काळी शर्यतीत पळालेली. इंजिनाचे तापलेले तेल थंड करण्यासाठी तिला कुणीतरी एक छोटा कूलर बसवला होता. त्याच्याकडे जाणाऱ्या रबरी होजच्या टोकाची पितळी जोडणी मात्र गायब होती. बाजारातून अर्ध्या इंचाचीच एक अमेरिकन जोडणी आणली. पहिले तीन-चार आटे झकास बसले, मग ती अडली. पोराने पान्याने जोर लावून ती बसवली. इंजिन सुरू केले, तेल तापले आणि सांध्यातून थेंब ठिबकू लागला. भर वेगात या थेंबाची धार झाली, तर तेलावाचून इंजिन जाम होणार. तेच तेल लालबुंद एक्झॉस्टवर पडले, तर आग. आणि गाडीत बसणार माझ्या बहिणीचा एकुलता एक मुलगा.

गंमत अशी, की दोन्ही जोडण्यांना इंचाला चौदाच आटे असतात. फरक आहे तो आट्याच्या दोन उतारांमधल्या कोनाचा. ब्रिटिश कोन ५५ अंशांचा, अमेरिकन ६० अंशांचा. शिवाय अमेरिकन जोडणी टोकाकडे निमुळती असते. तेल गळायला एवढे पुरते. वर हा अर्धा इंच मोजायला गेलात तर कुठेच सापडत नाही. आट्यांचा बाहेरचा व्यास भरतो जवळजवळ २१ मिलिमीटर! जुन्या लोखंडी नळीच्या आतल्या पोकळीवरून पडलेले हे नाव तसेच चालू राहिले आहे. एम. जी.ची तऱ्हा त्याहून और. तिच्या इंजिनाचे बोल्ट मेट्रिक आट्यांचे, पण त्यांची डोकी व्हिटवर्थ पान्याची. मॉरिस यांनी १९२३ मध्ये कॉव्हेंट्रीचा हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कारखाना घेतला, तेव्हा तिथली यंत्रे फ्रेंच मापांचीच होती. आडनाव सासरचे आणि फोडणी माहेरची, असे हे इंजिन.

या ५५ अंशांचे जनक व्हिटवर्थ. २१ डिसेंबर १८०३ रोजी इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टला एका शिक्षकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. अकरा वर्षांचे असताना आई गेली आणि घर मोडले. वडील पुढे धर्मोपदेशक झाले. मुलाची रवानगी लीड्सजवळच्या एका शाळेत झाली. चौदाव्या वर्षी मामाच्या सूतगिरणीत उमेदवारी. पुढेमागे गिरणीत भागीदारी मिळेल, असा घरच्यांचा हिशेब होता. मुलाला गिरणीपेक्षा गिरणीतली यंत्रे आवडली, आणि ती किती ओबडधोबड आहेत हेही त्याला दिसले. काही वर्षांनी त्याने मामाचे घर सोडले आणि मँचेस्टरला साधा मेकॅनिक म्हणून काम धरले.

१८२५ मध्ये ते लंडनला हेन्री मॉडस्ले यांच्या कारखान्यात लागले. पुढे बॅबेजच्या गणितयंत्राचे भाग बनवणाऱ्या जोसेफ क्लेमंटकडेही राहिले. खऱ्या अर्थाने सपाट पत्रा कसा करायचा, या प्रश्नाने या काळात त्यांना झपाटले. दोन पत्रे एकमेकांवर घासून जुळले, तरी ते सपाट असतील असे नाही. एक फुगीर आणि दुसरा खोलगट असला तरी ते जुळतातच. तिसरा पत्रा घेऊन प्रत्येक जोडी पडताळली, तरच लबाडी उघडी पडते. कॅशबुक आणि लेजर जुळले तरी तिसऱ्या वहीशी ताळा घेतल्याशिवाय आम्ही घरी जात नसू, ते मला आठवले. १८३३ मध्ये त्यांनी मँचेस्टरला स्वतःचा कारखाना काढला. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्यांनी इंचाचा दहा लाखावा भाग ओळखणारे यंत्र मांडले.

पण माझ्या मते त्यांचे खरे मोठे काम १८४१ सालचे. तोवर जेवढे कारखाने, तेवढे आटे. एकाचा बोल्ट हरवला, तर त्याच कारखान्याकडे धाव घ्यावी लागे. व्हिटवर्थ यांनी ठिकठिकाणच्या कारखान्यांतून बोल्टांचे नमुने गोळा केले, मोजले, सरासरी काढली आणि ५५ अंशांचा कोन व प्रत्येक व्यासाला ठरावीक आटे अशी योजना सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे ठेवली. माझेच आटे उत्तम, असे म्हणण्याइतका मोठा कारागीर तो होता. त्याने ते म्हटले नाही. सगळ्यांच्या चालीतून एक चाल काढली, म्हणून सगळ्यांनी ती घेतली. इंग्लिश यंत्रांबरोबर हे आटे आपल्याकडेही आले. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. तीन सुती, चार सुती बोल्ट मागणारे मिस्त्री आजही भेटतात.

भाच्याला जोडणी मिळाली ती पुण्याच्या जुन्या बाजारात, भंगारातल्या एका इंग्लिश कॉम्प्रेसरला लागलेली. भोसरीच्या एका वृद्ध टर्नरने आट्यांवर पिच गेजची पट्टी टेकवली आणि ती उजेडासमोर धरली. दातांमधून प्रकाशाची रेघसुद्धा आली नाही. नवी तांब्याची वायसर घालून ती बसवली. तासभर इंजिन चालवूनही खालचा कागद कोरडा होता. बहिणीला मी त्याच संध्याकाळी फोन केला.

व्हिटवर्थ यांचे उत्तरायुष्य मात्र इतके सुरळीत जुळले नाही. क्रिमियन युद्धाच्या काळात सरकारने त्यांना बंदुकांकडे वळवले. त्यांनी षटकोनी नळीची रायफल केली. १८५७ च्या चाचण्यांत तिने सरकारी एनफिल्डला अचूकपणात मागे टाकले. तरीही नळी बारीक आणि किंमत जास्त म्हणून लष्कराने ती नाकारली. १८६० मध्ये व्हिक्टोरिया राणीने विंबल्डनची नेमबाजी स्पर्धा सुरू केली, ती याच रायफलीने, ४०० यार्डांवरून. पुढे अमेरिकेच्या यादवीत दक्षिणेच्या नेमबाजांनी ती वापरली. माणसे मारण्यातही अचूकपणा उपयोगी पडतो, हे त्यांच्या चरित्रातले पान मला सुखाने वाचता आले नाही.

त्यांना मूलबाळ नव्हते. १८६८ मध्ये त्यांनी होतकरू तरुण इंजिनिअरांसाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्या. त्या आजही दिल्या जातात. पुढच्याच वर्षी त्यांना बॅरोनेट हा किताब मिळाला. २२ जानेवारी १८८७ रोजी मॉन्टे कार्लो इथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या संपत्तीतून मँचेस्टरला कलादालन, बाग आणि कर्करोगाच्या रुग्णालयाला मदत, असे पुष्कळ काही उभे राहिले.

अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये ६० अंशांचा आटा पुढे आणला होता. तो कापायला सोपा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन बोल्ट एकमेकांना बसेनात, तेव्हा फार खोळंबा झाला. अखेर १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टनला ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी बोल्टांसाठी ६० अंशांच्या करारावर सह्या केल्या. पाण्याच्या पाइपांना मात्र कुणी हात लावला नाही. आपल्या भारतीय मानकातही त्यांच्या आट्यांचा कोन ५५ अंशांचाच आहे. प्लंबर सुताची दोरी गुंडाळून स्वयंपाकघरातला नळ बसवतो, तो त्याच आट्यांवर.