वसईचा तह आणि दुसरे बाजीराव

वसईचा किल्ला म्हटला की चिमाजी आप्पांचे नाव ओठावर येते. १७३९ मधील त्यांच्या विजयाचा अभिमान वसई-विरारच्या शाळकरी मुलालाही असतो. त्याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी आप्पांच्या पुतण्याच्या मुलाने इंग्रजांशी तह केला, त्याची आठवण मात्र सहसा निघत नाही. निघालीच तर पळपुटा हे विशेषण लावून लोक मोकळे होतात. विशेषण अगदीच अन्यायाचे नाही. परंतु त्याखाली राज्यघटनेचा एक मोठा प्रश्न झाकला गेला आहे. मराठी राज्याच्या वतीने परसत्तेशी करार करण्याचा अधिकार नेमका कोणाचा होता?

दुसरे बाजीराव जानेवारी १७७५ मध्ये धार येथे जन्मले. दोनच महिन्यांनी त्यांचे पिता रघुनाथराव यांनी सुरतेच्या तहात साष्टी आणि वसई इंग्रजांना देऊ केली. पुढे आनंदवल्ली व जुन्नर येथील नजरकैदेत त्यांना राज्यकारभाराचे शिक्षण मिळाले नाही. संशय तेवढा मुरला. सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतर वर्षभर चाललेल्या कारस्थानांतून डिसेंबर १७९६ मध्ये पेशवाईची वस्त्रे त्यांच्या अंगावर आली. १८०० मध्ये नाना फडणीस गेले. पुढच्याच वर्षी विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी देऊन बाजीरावांनी यशवंतरावांचे वैर ओढवून घेतले आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरला पेशवे व शिंदे यांच्या फौजा उधळल्या गेल्या. कोकणात उतरलेले पेशवे समुद्रमार्गे वसईस पोचले.

तहाने सहा हजारांची तैनाती फौज आली. तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख गेला, सुरतेवरील हक्क सुटला, निजाम व गायकवाड यांच्याकडील येण्याचा निवाडा कंपनीच्या हाती गेला. याहून जड कलम म्हणजे कंपनीच्या विचाराशिवाय अन्य सत्तांशी बोलणे करावयाचे नाही, हे. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांचा आक्षेप येथेच होता. त्यांना न विचारता पेशव्यांनी सर्व मंडळाचे स्वातंत्र्य लिहून द्यावे कसे?

आक्षेप रास्त होता; पण तो घेणाऱ्यांचे हात तरी कोठे स्वच्छ होते? गायकवाडांनी त्याच वर्षी कंपनीची फौज स्वीकारली होती. सरदार आपापले तह करीत, चौथाई आपापसांत लढून वाटून घेत. अमेरिकेतील राज्यांनी १७८७ मध्ये केंद्राचे व घटकांचे अधिकार निदान लिहून काढले होते, आणि तरीही फुटून निघण्याच्या हक्काचा निकाल त्यांना १८६१ ते १८६५ या यादवीतच लावावा लागला. येथे लेखी असे काहीच नव्हते. नावाचे धनी साताऱ्याचे छत्रपती, आणि त्यांचे मत कोणी विचारलेच नाही. अशा स्थितीत फितूर कोण, हे ज्याची फौज पुण्यात असेल त्याने ठरवावे, एवढाच कायदा उरला होता. तरीही बाजीरावांची जबाबदारी सुटत नाही. मंडळाचे प्रमुखपद वापरूनच त्यांनी मंडळ मोडले.

१८०३ च्या युद्धात शिंदे व भोसले हरले. जुलै १८१५ मध्ये पंढरपुरास गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला आणि संशय त्रिंबकजी डेंगळ्यांवर आला. त्या निमित्ताने जून १८१७ च्या पुणे तहात इंग्रजांनी मराठी मंडळाच्या प्रमुखपदाचा त्याग बाजीरावांकडून लिहून घेतला. जे पद नव्हतेच असे सरदार म्हणत, ते सोडल्याचा कागद मात्र इंग्रजांना आवश्यक वाटला, ही गोष्ट बोलकी आहे. खडकी, कोरेगाव, आष्टी या लढायांनंतर तर त्यांनी बाजूच बदलली. १८०२ मध्ये साताऱ्यास न विचारता पेशव्यांना सार्वभौम मानून तह करणारी कंपनी १८१८ मध्ये छत्रपती प्रतापसिंहांना गादीवर बसवून त्यांच्या कैदेबद्दल पेशव्यांना दोषी ठरवू लागली. तेच साताऱ्याचे राज्य तिने १८४८ मध्ये खालसा केले.

३ जून १८१८ रोजी बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले. सालीना आठ लाखांचा तनखा घेऊन ते कानपूरजवळ ब्रह्मावर्तास राहिले. बावीस वर्षे राज्य केलेल्या या पुरुषाने तेथे स्नानसंध्येत, दानधर्मात बत्तीस वर्षांहून अधिक काळ काढला आणि २८ जानेवारी १८५१ रोजी देह ठेवला. दत्तकपुत्र नानासाहेबांना तनखा नाकारण्यात आला. सहा वर्षांनी त्यांच्यावर जो राजद्रोहाचा आरोप आला, तो ज्या कंपनीशी त्यांच्या वडिलांनी वसईत मित्र म्हणून तह केला होता, तिच्याविरुद्धच्या द्रोहाचा होता.