मॉन्टेसरी बाईंची पहिली शाळा बालवाडी नव्हतीच, ती होती दिव्यांग मुलांच्या शिक्षकांना ट्रेनिंग देणारी

मुरगूडमध्ये कुणालाही मॉन्टेसरी म्हणजे काय म्हणून विचारा. तीन-चार वर्षांच्या पोरांची शाळा, असंच उत्तर मिळेल. मुरगूडच कशाला, कोल्हापूर, पुणे, मुंबई कुठंही विचारलं तरी तेच. पण ज्या बाईंच्या नावावरून हा शब्द आला, त्या मारिया मॉन्टेसरी यांनी सुरुवात बालवाडीपासून केलीच नव्हती.

त्यांचा जन्म १८७० चा, इटलीतल्या किआराव्हाले गावातला. १८९६ मध्ये त्या रोमच्या विद्यापीठातून डॉक्टर झाल्या. त्या काळी इटलीत बाई डॉक्टर म्हणजे बोटावर मोजण्याइतक्या. पुढं मानसोपचाराच्या क्लिनिकमध्ये काम करताना त्यांना रोमच्या वेड्यांच्या इस्पितळात जावं लागायचं. तिथं मोठ्या रुग्णांबरोबरच बौद्धिक दिव्यांग मुलंही कोंडलेली असायची. तेव्हा मतिमंद आणि वेडा यात कुणी फारसा फरक करत नव्हतं.

तिथला एक किस्सा नेहमी सांगितला जातो. जेवण झालं की ही मुलं फरशीवर पडलेले पावाचे तुकडे वेचत बसायची. त्यांची देखभाल करणाऱ्या बाईला त्याची किळस यायची, मुलं हावरट आहेत असं तिला वाटायचं. मॉन्टेसरींनी खोलीकडं पाहिलं. चार भिंती सोडल्या तर आत काहीच नव्हतं, ना खेळणं, ना हातात धरायला एखादी वस्तू. पावाचे तुकडे तेवढे हाताला लागत होते.

म्हणजे मुलं भुकेली नव्हती, त्यांच्या हातांना काम नव्हतं. आणि हे दिवसभर त्यांच्यासोबत असणाऱ्या बाईला दिसत नव्हतं, कारण काय बघायचं हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

मग मॉन्टेसरींनी जुनी पुस्तकं काढली. इटार आणि सेगां हे दोन फ्रेंच डॉक्टर. त्यातल्या सेगां यांनी अशा मुलांना शिकवायची पद्धत १९ व्या शतकाच्या मध्यालाच लिहून ठेवली होती. आधी स्नायू, मग स्पर्श-नजर-कान, मग अक्षरं आणि विचार. मॉन्टेसरींनी दोघांचं लिखाण इटालियनमध्ये उतरवून स्वतःच्या हातानं लिहून काढलं.

१९०० मध्ये रोमला ऑर्थोफ्रेनिक स्कूल सुरू झालं. त्याचे दोन संचालक होते, मॉन्टेसरी आणि डॉक्टर ज्युसेप्पे मॉन्टेसानो. पहिल्या तुकडीत ६४ शिक्षक होते. त्यांना मेंदू, मज्जासंस्था, अपंगत्वाची कारणं आणि शिकवण्याच्या खास पद्धती शिकाव्या लागायच्या. नुसती लेक्चरं नव्हती, सोबत प्रत्यक्ष मुलांचा वर्गही होता. खुद्द मॉन्टेसरी त्या काळात सकाळी ८ ते संध्याकाळी ७ मुलांमध्ये असायच्या.

तिथलं एक उदाहरण बघा. ११ वर्षांची एक मुलगी होती, तिला काही केल्या शिवण जमेना. सुई धरून पुन्हा पुन्हा तेच करून घ्यायचं, हा आपल्याकडचाही नेहमीचा उपाय. मॉन्टेसरींनी सुई बाजूला ठेवली आणि तिला कागदी पट्ट्यांची चटई विणायला दिली. एक पट्टी वर, एक खाली. ती हालचाल हातात बसल्यावर पुन्हा सुई दिली, आणि तिला शिवता आलं. काम जमत नसेल तर त्यातली अडणारी हालचाल वेगळी काढायची आणि तेवढीच शिकवायची, एवढंच ते तंत्र.

यातली काही मुलं लिहा-वाचायला शिकली आणि साध्या मुलांच्या बरोबरीनं परीक्षा पास झाली. लोकांना तो चमत्कार वाटला. मॉन्टेसरींना मात्र धड मुलांच्या शाळांचीच काळजी वाटू लागली, ती मुलं एवढीच मजल का मारतात म्हणून.

त्यांना आणखी एक गोष्ट दिसली होती, आणि खरं तर तीच जास्त महत्त्वाची. पॅरिसच्या बिसेत्र इस्पितळात सेगां यांची साधनं वापरात होती, पुस्तकही शिक्षकांच्या हाताशी होतं, पण शिकवणं यंत्रासारखं चाललेलं. साधनं होती, पद्धत नव्हती. सेगां यांनी तर शिक्षकाचा आवाज, कपडे, वागणं यांवरही भर दिला होता, कारण मुलाचं लक्ष आधी माणसाकडं जातं.

१९०१ मध्ये मॉन्टेसरींनी हे काम सोडलं. मॉन्टेसानो यांच्यापासून त्यांना मारिओ नावाचा मुलगा झाला होता. लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळं मूल गुपचूप दुसरीकडं वाढत होतं. त्यातच मॉन्टेसानो यांनी दुसऱ्याच बाईशी लग्न केलं. पुढं ६ जानेवारी १९०७ ला रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत त्यांचं बालगृह उघडलं आणि जगभर नाव झालं. दिव्यांग मुलांसाठी केलेली अक्षरं, बटणांच्या चौकटी सगळ्या मुलांच्या शाळेत गेल्या. ज्यांच्यासाठी त्या केल्या, ती मुलं मागं राहिली. हा हिशेब त्यांच्या चरित्रात फारसा मांडला जात नाही.

१९३९ मध्ये त्या मद्रासजवळच्या अड्यारला आल्या. महायुद्धात इटली शत्रुपक्षात गेल्यानं इंग्रजांनी मारिओला नजरकैदेत टाकलं आणि त्याही इथंच अडकल्या. त्या काळात हजाराहून जास्त शिक्षक त्यांच्या हाताखाली तयार झाले, पण ते बालशिक्षणाचे. महाराष्ट्रात ती पद्धत त्याआधीच ताराबाई मोडकांमुळं पोचली होती. बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी मुंबईत वकील कुटुंबानं १९४४ मध्ये आपल्या जय या मुलीपायी घरातच शाळा सुरू केली, तो धागा वेगळा. मॉन्टेसरी १९५२ मध्ये नेदरलँड्समध्ये वारल्या.

आज विशेष शिक्षकांच्या प्रशिक्षणाला १९९२ चा पुनर्वसन परिषदेचा कायदा आहे. घरी किंवा संस्थेत देखभाल करणाऱ्यांसाठी नॅशनल ट्रस्टची सहयोगी नावाची योजनाही आहे. पण निवासी शाळेत पहाटे मुलांना उठवून आंघोळ घालणाऱ्या मावशींपर्यंत हे ट्रेनिंग क्वचितच पोचतं. वीस मुलांना आवरायचं असतं, तेव्हा शर्टाची बटणं स्वतःच लावून टाकणं सोपं पडतं. मग मूल चाळिशीला आलं तरी बटणासाठी मावशींची वाट बघत उभं राहतं. मॉन्टेसरींची बटणांची चौकट म्हणजे लाकडाची एक चौकट, कापडाचे दोन तुकडे आणि पाच मोठी बटणं. गावातला कुठलाही सुतार आणि शिंपी मिळून ती तासाभरात करून देतील. मावशींना शिकवायचं ते एवढंच, की ती मुलासमोर ठेवल्यावर आपले हात किती वेळ मागं घ्यायचे.