लेकीच्या बारशाला दारू नको म्हणणारा डेबूजी

गंगाखेड हे संत जनाबाईचे गाव. आई गेली आणि बाप दमाने लहानग्या जनीला पंढरपुरात दामाशेटींच्या दारी नेऊन ठेवले, ही कथा गोदाकाठच्या लेकराबाळांनाही तोंडपाठ आहे. त्या पोरक्या पोरीने विठ्ठलालाच आई मानले आणि ती तरली. त्यानंतर सुमारे सहाशे वर्षांनी विदर्भातले एक लेकरू असेच पोरके झाले. त्याचा बाप दारूने नेला. त्या लेकराचे नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे आपले संत गाडगेबाबा.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींना बाबा ठाऊक आहेत ते झाडूमुळे. सन २००० पासून शासनाने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान चालविले, तेव्हा गावोगावच्या भिंतींवर त्यांचे चित्र आले. पण हा झाडू हाती येण्याआधी घरात काय घडले, ते फारसे कोणी सांगत नाही.

डेबूजींचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा. जात परीट. त्या काळी समाजात बारसे असो, लग्न असो की तेरावे, बोकड आणि दारू ठरलेलीच. नाही पाजली तर भाऊबंद नावे ठेवणार. झिंगराजी काही जन्माचा दारुडा नव्हता. कार्यात एक घोट, मग मित्रांच्या आग्रहाने दुसरा, असे करत करत माणूस पार बुडाला. घरदार गेले, शरीर गेले. १८८४ साली तो वारला तेव्हा डेबू आठ वर्षांचा होता. आपल्या पोराला या दारूपासून आणि बोकड मागणाऱ्या देवांपासून लांब ठेव, असे मरताना त्याने बायकोला विनवले, असे चरित्रकार सांगतात.

सखूबाई लेकराला घेऊन माहेरी गेली, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरीला. तिथे डेबूने मामाची गुरे राखली, पुढे औत हाकले. बैलांवर त्याचा फार जीव. शेतीत मन लागले आणि हातही बसला. ज्या लेकराचे दुःख कोणी विचारत नाही, ते मातीशी बोलते. आपल्या शेतकरी मंडळींना हे निराळे सांगायला नको. रात्री भजनाला बसायचे, पहाटे शेतात जायचे, असे दिवस चालले.

पण मामावरही पाळी आलीच. लिहिणे-वाचणे नाही, सावकार सांगेल तो हिशेब खरा. कर्जापायी जमीन गेली. बापाची दारू आणि मामाचा अंगठा, ही दोन दुखणी डेबूजींनी जन्मभर विसरली नाहीत. पुढे कीर्तनात त्यांनी हेच दोन विषय पुन्हा पुन्हा काढले.

१८९२ साली कुंताबाईंशी लग्न झाले. पहिली मुलगी झाली. बारशाला भाऊबंद जमले ते नेहमीच्या आशेने. डेबूजींनी पंगतीला गोडधोड वाढले. ना मटण, ना थेंबभर दारू. भावकीत केवढी कुरबूर झाली असेल, याचा अंदाज ज्याने गावात असे काही करून पाहिले त्यालाच येईल. डोंगरावर जाऊन तप करणे सोपे. आपल्याच ओसरीवर, आपल्याच पाहुण्यांना नाही म्हणणे अवघड. माझ्या मते गाडगेबाबांचे संतपण त्या पंगतीतच सुरू झाले, घर सोडले ते नंतर.

घर सोडले १ फेब्रुवारी १९०५ रोजी. अंगावर चिंध्या, हातात खराटा, सोबत मातीचे गाडगे. त्यावरून नाव पडले. गावात शिरले की आधी रस्ते झाडायचे, नाल्या काढायच्या, मग भाकरी मागायची, आणि रात्री कीर्तन. ते कीर्तन म्हणजे लोकांशी सवालजवाबच. बाबा विचारायचे, बाया-माणसे उत्तर द्यायची. दारू पिऊ नका, कर्ज काढून सण-लग्न करू नका, देवापुढे मुके जनावर कापू नका, पोरांना शाळेत घाला. आणि मध्येच नामाचा गजर. माणूस हसायचा आणि हसताहसता त्याची मान खाली जायची.

पूर्णा नदीकाठी ऋणमोचन येथे त्यांनी लोकांच्या मदतीने घाट बांधला. गावाचे नावच बघा, ऋणातून सोडवणारे! पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी केली, कारण वारीला येणाऱ्या अस्पृश्य माणसाला रात्री टेकायला जागा नव्हती. १९४९ मध्ये ती धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हवाली केली. बाबा स्वतः मात्र पंढरीला जाऊन देवळाऐवजी चंद्रभागेचे वाळवंट झाडीत बसत, असे जुने वारकरी सांगत. लाखोंच्या इमारती झाल्या, पण बायको झोपडीतच राहिली. हे कुंताबाईंना किती जड गेले असेल, याचा हिशेब चरित्रांत सापडत नाही.

त्यांचा मुलगा गोविंदा गेला, तेव्हा निरोप कीर्तनात असतानाच पोचला. बाबांनी कीर्तन थांबवले नाही. आठव्या वर्षी बापाच्या मरणाने उघड्यावर आलेला हाच तो डेबू. दुःख त्यांना झालेच नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. ते कुठे ठेवायचे, हे मात्र त्यांना तोवर कळले होते.

आपल्या गंगाखेड तालुक्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची उचल हाती पडते, तेव्हा पहिला फेरा कुठे होतो हे गावात सर्वांना माहीत असते. सोयरीक, जावळ, निवडणूक, कशालाही बाटली लागतेच. अशा वेळी घरच्या बाईला बाबांच्या त्या बारशाची गोष्ट सांगता येईल. साधू व्हायला न सांगता, एक पंगत कोरडी ठेवायला तेवढे सांगता येईल.

शेवटपर्यंत बाबा फिरतच राहिले. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेल्याची बातमी आली आणि ते खचले. चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, गाडीतच त्यांनी प्राण सोडला.