फोनमधल्या कॅशची मूळ कल्पना कोणाची? जॉन फॉन नॉयमन यांची गोष्ट

मी बारामती तालुक्यातल्या सुप्याचा. आमच्याकडे पाऊस कमी, सगळी मदार विहिरीवर. पाण्याची पातळी मोजायला मी एका छोट्या लिनक्स बोर्डसाठी स्वतः ड्रायव्हर लिहिला. स्क्रीनवर पाणी दिसत राहिलं, विहीर मात्र आटली होती. मोटर कोरडी चालून जळाली. चूक शोधता शोधता मी पोचलो जॉन फॉन नॉयमन यांच्यापर्यंत.

त्यांचा जन्म 28 डिसेंबर 1903 रोजी बुडापेस्टमध्ये झाला. 1930 मध्ये ते अमेरिकेत प्रिन्स्टनला आले. अणुबॉम्ब प्रकल्पातल्या किचकट आकडेमोडीमुळे त्यांना वेगवान यंत्रांची गरज जाणवली. 1945 मध्ये त्यांनी प्रोग्राम आणि डेटा एकाच मेमरीत ठेवणाऱ्या कॉम्प्युटरचा अहवाल लिहिला. त्यावर एकट्या त्यांचंच नाव आलं. सहकारी एकर्ट आणि मॉकली यांना ते लागलं, आणि श्रेयाचा वाद कायमचा राहिला.

1946 मध्ये बर्क्स आणि गोल्डस्टाइन यांच्यासोबत त्यांनी आणखी एक गोष्ट मांडली. मेमरी मोठी आणि वेगवान, दोन्ही मिळत नाही; म्हणून तिचे थर करा. किराणा दुकानदार रोजचा माल गल्ल्याजवळ ठेवतो, बाकी गोदामात, तसंच. आज तुमच्या फोनमधली कॅश याच विचारावर चालते. त्यांचं यंत्र 1952 मध्ये चालू झालं. मेमरी किती? 40 बिटांचे 1024 शब्द, म्हणजे फक्त 5 किलोबाइट! मुंबईत 1960 मध्ये सुरू झालेला टिफ्रॅक याच घराण्यातला.

आता माझी चूक. सेन्सरचं रीडिंग ज्या रजिस्टरमध्ये येतं, त्याला कर्नल मेमरीसारखाच पत्ता देतो. त्याला मॅपिंग म्हणतात. पण रॅममधला आकडा कोणी लिहिल्याशिवाय बदलत नाही, रजिस्टरमधला आपोआप बदलतो. त्यासाठी लिनक्समध्ये साधं आयोरीमॅप वापरायचं, ते कॅश टाळतं. मी वेगाच्या मोहात कॅशवालं मॅपिंग घेतलं. मग प्रोसेसर गल्ल्याजवळचा जुनाच आकडा वाचत बसला, गोदामात डोकावलाच नाही.

फॉन नॉयमन यांना 1955 मध्ये कॅन्सर असल्याचं कळलं. आजारपणातही ते कॉम्प्युटर आणि मेंदू यांची तुलना लिहीत होते. ते लिखाण अपुरं राहिलं. 8 फेब्रुवारी 1957 रोजी, 53 व्या वर्षी ते गेले.

ड्रायव्हर लिहिणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: रॅमला कॅश हवी, डिव्हाइसच्या रजिस्टरला नको. मी ती एक ओळ बदलली. तरी मोटर चालू करण्याआधी आता विहिरीत एकदा डोकावतोच.