कार्ल ब्राउन : न फिरणाऱ्या अँटेनाचे जनक

जर्मन भौतिकशास्त्रज्ञ कार्ल फर्डिनंड ब्राउन यांचा जन्म ६ जून १८५० रोजी फुल्डा येथे झाला. १९०५ मध्ये, तेव्हा जर्मनीत असलेल्या स्ट्रासबर्गजवळ त्यांनी तीन अँटेना त्रिकोणात उभारले आणि एकाला विद्युत्‌प्रवाह किंचित उशिरा देऊन, काहीही न फिरवता लहरींची दिशा वळवली. आजच्या फेज्ड अ‍ॅरे रडारचे हेच मूळ. मात्र अँटेनांमधील अंतर लहरींच्या लांबीवर ठरत असल्याने त्या काळच्या लांब लहरींना मैदानच लागे. लहरी आखूड केल्या की अँटेना लहान होतात. पण दुर्बळ संदेश टिपण्यासाठी एकूण क्षेत्रफळ तेवढेच ठेवल्यास त्यांची संख्या आणि प्रत्येकाच्या नियंत्रकाचा खर्च वाढतो. १९०९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक ब्राउन यांना मार्कोनींसमवेत मिळाले. पेटंटच्या खटल्यासाठी अमेरिकेत गेलेले ब्राउन महायुद्धामुळे मायदेशी परतू शकले नाहीत. २० एप्रिल १९१८ रोजी ब्रुकलिन येथे त्यांचे निधन झाले.